सुटलेलं पोट आत न्यायचं तर: तेलाची बाटली, वरणाची वाटी आणि पायांचा व्यायाम

रोज शंभर क्रंचेस मारूनही पोट जागचं हलत नाही, कारण पोटाचा स्नायू काम करतो म्हणून त्याच्याच वरची चरबी जळते असं शरीरात घडत नाही. स्नायूला लागणारं इंधन रक्तातून येतं आणि रक्तात चरबी सोडण्याचं काम अंगभरचे साठे मिळून करतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, लोकांकडून पोटाचे सात व्यायाम करून घेतले होते. पोटाच्या स्नायूंचा दम वाढला. घेर आणि चरबी मात्र होती तिथेच राहिली.

म्हणून इथे पोटाचे व्यायाम सगळ्यात शेवटी येतात. आधी मोजमाप, मग स्वयंपाकघर, मग पाय आणि पाठ.

आपल्याकडच्या पोटाची एक वेगळी गोष्टही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा) सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे, काट्यावर वजन ‘नॉर्मल’ असा माणूस आपल्या प्रत्येक ऑफिसात आणि प्रत्येक लग्नाच्या पंगतीत दिसतो तो हाच. अशा माणसाने नुसतं खाणं तोडलं तर पोटाबरोबर आधीच कमी असलेले स्नायूही झिजतात, चेहरा उतरतो आणि पोट तरीही उरतंच. त्याचा खरा प्रश्न दुहेरी असतो: चरबी जास्त आणि मांस कमी. पुढचं सगळं हे दुसरं टोक सुटू नये म्हणून रचलेलं आहे.

आधी टेप हातात घ्या

शिंप्याकडची साधी टेप पुरते. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापूर्वी, कपडा बाजूला करून मोजा. जागा नाभीची नव्हे. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून घ्या आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा. श्वास सहज सोडून झाला की आकडा वाचा. पोट आत ओढून घेतलेल्या मापाचा उपयोग फक्त स्वतःची समजूत काढायला होतो.

भारतीयांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. याहून सोपी कसोटी म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. १६८ सेंटिमीटर उंची असेल तर ८४ च्या आत. पँटच्या मापावर जाऊ नका. पँट पोटाच्या खाली बांधली की वर्षानुवर्षं ‘चौतीस’च राहते.

मग रात्री जेवणानंतर एकदा मोजा. सकाळ-रात्रीत तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडत असेल, तर त्यातला बराचसा भाग गॅस, बद्धकोष्ठता आणि पोटातलं अन्न आहे. चरबी बारा तासांत वाढत नाही. अशांनी आधी भराभर जेवणं, सोडा, आणि न पचणारं दूध किंवा उसळी यांच्याकडे बघावं.

आता पोट चिमटीत धरून पाहा. जाड घडी हातात आली तर ती कातडीखालची चरबी. पोट पुढे आहे पण नगाऱ्यासारखं टणक, चिमटीत फारसं येत नाही, तर चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात बसली आहे. दुसऱ्या प्रकारची चरबी मधुमेह आणि हृदयविकाराशी जास्त जोडलेली असते, पण खाणं आटोक्यात आलं आणि चालणं वाढलं की हटते तीच आधी. हट्टी असते ती पहिली, विशेषतः नाभीच्या खालची. तिथल्या पेशींवर चरबी सोडायला अडवणारे रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकांचे निरोप घेणारे रेणू, जास्त असतात आणि रक्तपुरवठाही कमी. ती सगळ्यात शेवटी जाते. तोवर चेहरा, छाती, दंड उतरलेले असतात. त्याच टप्प्यावर बहुतेक जण ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून सोडून देतात.

बाळंतपण झालेल्या स्त्रियांनी एक तपासणी अवश्य करावी. उताणं झोपून गुडघे मोडा, डोकं किंचित उचला आणि नाभीच्या वर-खाली मध्यरेषेत बोटं आडवी दाबा. दोन बोटांपेक्षा रुंद फट लागत असेल तर पोटाचे सरळ स्नायू एकमेकांपासून फाकलेले आहेत. अशा पोटावर सिट-अप्स केले तर मधला भाग आणखी फुगतो. फिजिओथेरपिस्टकडून फट भरण्याचे व्यायाम आधी, बाकी सगळं नंतर.

किती कमी खायचं

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. रोज ४०० ते ५०० ची तूट ठेवली तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरतं. याहून वेगात गेलं की स्नायू जायला लागतात. उदाहरणापुरता बेचाळीस वर्षांचा, ७२ किलो वजनाचा, १६८ सेंटिमीटर उंचीचा, दिवसभर खुर्चीवर बसणारा पुरुष घेऊ. त्याला दिवसाला सुमारे २,००० ते २,१०० कॅलरी लागतात. म्हणजे १,६०० हे लक्ष्य. चाळिशीतल्या ६२ किलोच्या, १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला १,६५० च्या आसपास लागतात, तिने १,२५० ते १,३०० वर यावं. १,२०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय उतरू नये. गर्भार आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तूट करायचीच नाही.

हे पाचशे कुठून काढायचे? जेवणाला हात लावण्याआधी जे ताटात दिसत नाही तिथून.

पहिलं तेल. तेलाची नवी बाटली किंवा पिशवी फोडली की त्यावर मार्करने तारीख लिहा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर संपत असेल तर माणशी रोजचे ३३ मिलिलिटर झाले, म्हणजे जवळजवळ २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. बाहेरचं खाणं वेगळं. तोच खप सव्वादोन लिटरवर आणला तर माणशी रोजचे १२० कॅलरी वाचतात आणि चवीत फार फरक पडत नाही. फोडणीला पळीने किंवा थेट बाटलीतून धार धरायची नाही. पाच मिलिलिटरच्या चमच्याने मोजायचं. चार जणांच्या भाजीला चार चमचे पुरतात. मोहरी तडतडायला तेल खोलगट जागी साचलेलं लागतं, म्हणून छोटी फोडणीची कढई वापरा. पसरट कढईत तळ झाकायलाच दोन चमचे जास्त पडतात. कांदा परतताना खाली लागायला लागला की तेल वाढवू नका, पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवा.

दुसरं शेंगदाण्याचं कूट. भाजीत, कोशिंबिरीत, उसळीत, खिचडीत, चटणीत ते असतंच आणि कोणी मोजत नाही. दोन मोठे चमचे म्हणजे २० ग्रॅम, म्हणजे ११५ कॅलरी. शेंगदाणा वाईट नाही. पण तो डाळीच्या नव्हे, तेलाच्या हिशोबात धरायचा. सुकं खोबरं तर त्याहून जड, १०० ग्रॅमला साडेसहाशेच्या वर.

तिसरी चहातली साखर. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम आणि १६० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असावी असं सुचवते. ती इथे चहातच ओलांडली गेली. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत अर्ध्यावर या. एकदम बंद केली की चौथ्या दिवशी परत सुरू होते. गूळ घातला तर? कॅलरी जवळपास तेवढ्याच.

चौथं संध्याकाळचं. पाच ते सातच्या मधली शेव, फरसाण, चिवडा, बिस्किटं. ४० ग्रॅम फरसाण म्हणजे मुठीला थोडं वर, आणि कॅलरी सव्वादोनशेच्या घरात. त्याऐवजी २५ ते ३० ग्रॅम फुटाणे आणि ग्लासभर ताक घ्या. शंभरेक कॅलरी वाचतात आणि रात्री जेवताना भुकेचा डोंब नसतो. डबा समोर ठेवून खाऊ नका. वाटीत काढा, डबा कपाटात ठेवा, मग बसा.

पाचवं रात्रीची एक पोळी किंवा भाताची एक मूद कमी. झाले साधारण पाचशे, आणि अजून ‘डाएट’ असं काही सुरू झालेलं नाही.

भाकरीबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण पोट कमी करायचं म्हणून पोळी सोडून भाकरी धरणारे पुष्कळ आहेत. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठाच्या कॅलरी जवळपास सारख्याच, १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास. घरच्या मध्यम पोळीला ३० ग्रॅम कणीक लागते, पण थापलेल्या जाडसर भाकरीला ६० ते ८० ग्रॅम पीठ सहज जातं. म्हणजे एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची. ‘दोन पोळ्यांऐवजी दोन भाकऱ्या’ खाणाऱ्याचं पोट वाढतं ते असं. भाकरीचा खरा फायदा असा की तिला तेल लागत नाही आणि ती चावावी लागते, त्यामुळे जेवण सावकाश होतं. एक खा. तिच्यावर लोण्याचा गोळा ठेवून हा हिशोब बिघडवू नका.

वरण घट्ट करा

खाणं कमी करताना प्रथिनं कमी झाली की स्नायू जातात. वजनाच्या दर किलोला किमान १ ग्रॅम, जमल्यास १.२ ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. वरच्या ७२ किलोच्या माणसाला ७५ ते ८५ ग्रॅम. आपल्या शाकाहारी ताटात ती बहुधा निम्मीच असतात. कारण ‘आम्ही रोज वरण खातो’ हे खरं असलं तरी त्या वाटीत पाणी किती आणि डाळ किती हे कोणी पाहत नाही. पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅम प्रथिनं मिळाली तरी खूप. माणशी ४० ग्रॅम कोरडी डाळ मोजून शिजवली तर तीच वाटी नऊ ग्रॅमवर जाते. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा पोटाच्या कुठल्याही पट्ट्यापेक्षा उपयोगी आहे. पहिले दोन आठवडे पीठ, तांदूळ, डाळ, कूट सगळं कोरडं असताना मोजा. नंतर डोळ्यांना सवय होते.

एका दिवसाचा नमुना असा. सकाळी ५० ग्रॅम मुगाची दोन धिरडी, एक चमचा तेलात. प्रथिनं १२ ग्रॅम. किंवा दोन उकडलेली अंडी, तीही १२ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, पालेभाजी किंवा फळभाजी वाटीभर, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ, १५० ग्रॅम दही, काकडी-गाजर-मुळ्याची कोशिंबीर. हे सगळं मिळून २२ ग्रॅमच्या आसपास. संध्याकाळी फुटाणे आणि ताक, ७ ते ८. रात्री एक भाकरी किंवा दोन लहान मुदी भात, ४० ग्रॅम डाळीचं वरण, आणि भाजीत ३० ग्रॅम सोयाबीन वड्या. एकट्या वड्यांचेच १५ ग्रॅम होतात, सगळं मिळून तिसाला टेकतं. झोपताना साखर न घातलेलं कपभर दूध. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं: १२० ग्रॅम बांगडा किंवा सुरमई, पण तव्यावर एक चमचा तेलात किंवा कालवणात. रव्यात घोळवून तळलेला तुकडा तेल पितो आणि मग मासा हलका राहत नाही. कालवणात नारळ वाटताना अर्ध्या वाटीवर थांबा.

सोयाबीन वड्या गरम मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवून दोनदा घट्ट पिळल्या की त्यांचा उग्र वास जातो. उसळींनी गॅस होत असेल तर कडधान्य बारा तास भिजवा, ते पाणी फेका, मोड येऊ द्या, आणि पहिल्या आठवड्यात रोज अर्धीच वाटी घ्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ संपवा, मग पोळी, भात शेवटी. पोट भरल्याची जाणीव व्हायला वेळ लागतो, आणि भात शेवटी आला की आपोआप कमी जातो.

दिवसातून दोनदाच जेवावं की दर दोन तासांनी थोडं थोडं, यावर महाराष्ट्रात घराघरांत भांडणं झाली आहेत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन जेवणं, प्रत्येक पंचावन्न मिनिटांत, हा एक पक्ष. ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं हा दुसरा. पोटाचा घेर दिवसभराच्या एकूण बेरजेला ओळखतो. दोनदा खाऊन ज्याचं संध्याकाळचं फरसाण सुटतं त्याला ती पद्धत लागू पडते. दोनदा खायचं म्हणून प्रत्येक वेळी दीडपट जेवणाऱ्याला नाही. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर जेवणांमधलं अंतर स्वतःच्या मनाने वाढवू नका. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते.

आणि उपवास. एकादशी दुप्पट खाशी, हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि बटाटा अशी एक ताटली पाचशे कॅलरींची होते आणि प्रथिनं जेमतेम सात ग्रॅम. उपवास करायचाच तर वरीचे तांदूळ मोजून, दही, राजगिऱ्याची भाकरी, एखादं फळ. वेफर्स उपवासाला चालतात, पोटाला नाही.

दारूच्या साठ मिलिलिटरच्या एका पेगमध्ये फक्त अल्कोहोलच्याच १४० कॅलरी असतात. पण पोट वाढवण्यात तिच्याइतकाच हात सोबतच्या चखण्याचा आणि त्यानंतर उशिरा होणाऱ्या जेवणाचा असतो. शरीर आधी अल्कोहोल जाळतं. तोवर चरबी जाळण्याचं काम बाजूला पडतं.

शतपावली आणि चालणं

तासभर भराभर चाललं, ताशी साडेपाच किलोमीटरच्या वेगाने, तर ७२ किलोच्या माणसाच्या बसून राहण्यापेक्षा साधारण २३० कॅलरी जास्त खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या घरात असतात. त्यामुळे ‘सकाळी चालून आलो’ या बळावर नाक्यावर नाश्ता करणाऱ्यांचं पोट दहा वर्षांनंतरही तसंच दिसतं. तरी चालणं सोडायचं नाही. आतड्यांभोवतीची चरबी कमी करायला ते खरोखर मदत करतं, आणि खाणं कमी असताना अंग सुस्तावू देत नाही.

रोज तीस मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही एवढ्या वेगाने. शिवाय दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश. आजीची शतपावली शंभर पावलांवर थांबायची. तिला हजाराच्या पुढे न्या. जेवणानंतर चालल्याने पायांचे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात आणि ती उसळत नाही. ऑफिसात दुपारी जेवण झालं की लिफ्टकडे न जाता आवाराला दोन फेऱ्या मारा.

आठवड्यातून तीन दिवस ताकद

सोमवार, बुधवार, शुक्रवार, किंवा मध्ये एक दिवस मोकळा राहील असे कुठलेही तीन दिवस. अर्धा तास पुरतो. सुरुवातीला सहा सावकाश सूर्यनमस्कार घालून अंग गरम करा. सूर्यनमस्कार हा चांगला व्यायाम आहे, पण त्यात ओढण्याची क्रिया नाही आणि भार वाढवता येत नाही, म्हणून एवढ्यावर भागत नाही.

बैठका: खुर्चीसमोर उभे राहा, पाय खांद्याएवढे अंतरावर, टाचा जमिनीवर. ढुंगण मागे नेत खुर्चीला हलकेच टेकवा आणि उठा. बारा बैठकांचे तीन सेट. सोपं वाटू लागलं की पाण्याचा पाच लिटरचा कॅन छातीशी धरा, मग खुर्ची काढा. तालमीतली चवड्यांवरची बैठक गुडघे मजबूत असलेल्यांसाठी. नवख्याने टाच उचलली की गुडघा दुखतो आणि दोष बैठकांना जातो.

जोर: जमिनीवर एकही जमत नसेल तर भिंतीला हात लावून सुरू करा. पंधरा सलग जमले की स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग पलंगाच्या काठावर, मग जमिनीवर. कंबर मध्ये लोंबली तर तो सेट तिथेच संपला असं समजा.

ओढणं: जुन्या सॅकमध्ये पाच-सात किलो पुस्तकं किंवा डाळीच्या पिशव्या भरा. एक हात टेबलावर टेकून, पाठ सरळ ठेवून पुढे झुका आणि दुसऱ्या हाताने सॅक कमरेकडे ओढा. कोपर अंगाजवळ. प्रत्येक हाताने बारा, तीन वेळा. दिवसभर संगणकावर वाकलेल्यांना हा सगळ्यात आवश्यक आणि सगळ्यात टाळला जाणारा व्यायाम आहे. खांदे पुढे आणि छाती आत गेली की पोट आहे त्यापेक्षा दोन इंच जास्त दिसतं.

कमरेतून वाकून उचलणं: तीच सॅक दोन्ही हातांत मांड्यांजवळ धरा, गुडघे किंचित मोडा, ढुंगण मागच्या भिंतीला लावायचं आहे असं समजून मागे न्या, मांडीच्या मागे ताण आला की परत उभे. बारा-बारा, तीन वेळा. पाठीला बाक आला तर कंबर धरते. वजन कमी करा आणि आरशात बाजूने बघा.

मग पोट. प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ तोलून धरणं, वीस सेकंदांपासून, तीन वेळा, चाळीसपर्यंत वाढवत. दोन मिनिटं कंबर लोंबकळत ठेवण्यापेक्षा वीस सेकंद ढुंगण आवळून, श्वास चालू ठेवून केलेला प्लँक कामाचा. त्यानंतर उताणं झोपा, हात आकाशाकडे आणि गुडघे काटकोनात. उजवा हात डोक्याकडे आणि डावा पाय सरळ एकाच वेळी खाली न्या, परत या, मग दुसरी बाजू. प्रत्येक बाजूला आठ. कंबर जमिनीला चिकटलेली राहिली पाहिजे. याने चरबी जात नाही, पण पोट आत धरून ठेवणारा स्नायू जागा होतो आणि घेर तसाच असला तरी उभं राहणं सुधारतं.

प्रत्येक सेट ‘अजून दोन जमले असते’ इथे थांबवा, मध्ये मिनिटभर विश्रांती. तीन आठवडे तेवढंच वजन आणि तेवढेच आकडे राहिले असतील तर शरीराला बदलायचं काही कारण उरत नाही. एक पुस्तक वाढवा. हर्निया, अनियंत्रित रक्तदाब किंवा छातीत दुखणं असेल तर आधी डॉक्टर. याच लोकांनी जोरकस कपालभातीही टाळावी, आणि गर्भवतींनीही. कपालभातीने पोटाचे स्नायू हलतात, पण चरबी जाळण्यात तिचा वाटा किरकोळ.

घाम आणणारे पट्टे, थरथरणारी यंत्रं आणि मलमं यांच्यावर पैसे घालवू नका. पट्ट्याने गेलेलं वजन पाण्याचं असतं, दोन ग्लास प्यायलात की परत. सकाळचं लिंबू-मध-पाणी म्हणजे थोडी साखर आणि कोमट पाणी. तेवढ्याने बिघडत काही नाही, घडतही काही नाही. ‘आयुर्वेदिक फॅट कटर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक नीट न लिहिलेल्या पुड्या मात्र घेऊ नका. यकृत त्यांची किंमत मोजतं.

झोप

२०१० साली शिकागोत झालेल्या एका छोट्या प्रयोगात त्याच माणसांना सारख्याच कमी कॅलरींवर आधी एक, मग दुसऱ्या प्रकारची झोप दिली: एकदा झोपायला साडेआठ तास, एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखंच उतरलं, पण कमी झोपेत उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला. बाकी गेलं ते स्नायू आणि पाणी. रात्री एकपर्यंत मोबाईल आणि सकाळी साडेपाचला उठून व्यायाम, हा सौदा तोट्याचा आहे. व्यायाम वीस मिनिटं कमी करा, सात तास झोपा.

पाचव्या-सहाव्या आठवड्याला अडलं की

वजन रोज सकाळी घ्या पण बघा आठवड्याची सरासरी. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं की दुसऱ्या दिवशी किलोभर वर दिसतं. पाळीच्या आधीही तसंच. ते पाणी आहे. कंबर दर रविवारी मोजा. एक किलोला साधारण एक सेंटिमीटर असा ढोबळ हिशोब धरला, तर बारा आठवड्यांत चार-पाच किलो आणि चार-पाच सेंटिमीटर ही चांगली चाल आहे. व्यायाम नव्याने सुरू केलेल्यांचं वजन थांबून कंबर उतरते, त्यात काळजीचं काही नाही.

दोन्ही आकडे सलग तीन आठवडे हलले नाहीत तर खाणं आणखी तोडायच्या आधी सात दिवस सगळं परत वजनकाट्यावर मोजा. बहुतेक वेळा तेलाचा चमचा पळी झालेला असतो, नाहीतर सोमवार ते शुक्रवारची अडीच हजारांची तूट शनिवार-रविवारच्या मिसळ, बिर्याणी आणि आइस्क्रीममध्ये फिटलेली असते. हे दोन्ही नसेल तर वजन उतरलेल्या शरीराची गरजच कमी झाली आहे: रोज दोन हजार पावलं वाढवा, किंवा रोजच्या शंभर-दीडशे कॅलरी आणखी कमी करा. दोन्ही एकदम नको. बारा आठवडे झाले की दहा दिवस पूर्ण गरजेइतकं खा, व्यायाम चालू ठेवून, आणि मग दुसरी फेरी. नाभीखालची घडी बहुतेकांची दुसऱ्या फेरीत जाते. दिवाळी त्या दहा दिवसांत बसवता आली तर उत्तम. फराळ जेवणानंतर नव्हे, एका खाण्याच्या जागी, एक चकली, एक करंजी, वाटीभर चिवडा असा मोजून.

रजोनिवृत्तीच्या सुमारास चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, तेव्हा तेवढंच खाऊनही घेर वाढतो. तिथे ताकदीचे तीन दिवस चालण्यापेक्षा महत्त्वाचे. खूप वजन उतरल्यावर लोंबणारी पातळ कातडी चरबी नसते, तिला आणखी उपाशी ठेवून काही होत नाही.

काही पोटं या वाटेची नसतात. हातपाय बारीक होत जाऊन पोट झपाट्याने वाढतंय आणि त्यावर रुंद जांभळे व्रण आले, पोटात पाणी साचल्यासारखं जड वाटून पायांना सूज आली, पोट अचानक वाढून दोन घास खाल्ले तरी भरल्यासारखं वाटतंय, किंवा पाळी अनियमित होऊन वजन वाढत चाललंय, तर टेप आणि वजनकाटा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा; पण त्या स्वतःहून बंद करू नका.

हवा तो आकडा गाठल्यावर एकदम जुन्या ताटाकडे परतू नका. दर आठवड्याला शंभर कॅलरी वाढवा: आधी डाळ-उसळ, मग पोळी किंवा भात, फरसाण सगळ्यात शेवटी. कंबर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजा. दोन सेंटिमीटरने वर गेली, की तेलाच्या बाटलीवरची तारीख बघा.